घासलीस ना परत!

चांगलं महागाचं परवडेना, म्हणून त्याने उंची कमीजास्त करता येणारं स्वस्तातलं सस्पेन्शन बसवून गाडी ऐटीसाठी चांगली चार बोटं खाली आणली. तेव्हापासून रोज संध्याकाळी गेटातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासायचं आणि तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून कडाडायच्या, "घासलीस ना परत! कान किटले आमचे! आणि तोंड का असं उतरलंय, जेवतोस की नाही वेळेवर?" तो मान खाली घालून वर जायचा, कुलूप काढायचा, आणि मग सकाळपर्यंत घरात फ्रिज तेवढा घरघरायचा.

शेवटी काकूंच्या या रोजच्या तोफखान्याला वैतागून त्याने गाडी पुन्हा वर उचलून घेतली. त्या संध्याकाळी गाडी बिनबोभाट आत आली. काकू खिडकीतच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर हजर. "परत खाली घे."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "अहो, कालच तर वर घेतली! आता काय झालं?"



"काल कुणी ओरडलंच नाही रे."