माळावरची पंगत

"त्याला सुई टोचायची नाय," हैबती म्हणाला. "तुमीच सांगितलंय ना, बाई?"

सुनीतीने मान हलवली. गोठ्यात त्याचा पोवळ्या बैल आडवा पडून कण्हत होता. मागचा पाय सुजून टणक झाला होता. गुरांचे डॉक्टर सकाळी येऊन, बंदी नसलेलं औषध देऊन गेले होते. त्याने उतार पडला नव्हता, आणि आता आशा ठेवू नका, असंही ते सांगून गेले होते.

सुनीती महाडच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, तिने कॅमेरा घेतला आणि पोलादपूरचे डोंगर पालथे घालायला लागली. तिथे तिला गिधाडं दिसली आणि बाई पुरती वेडी झाली. देखणा पक्षी म्हणून गिधाडाचं नाव कुणी घेत नाही, पण तिच्यापुढे तसं बोलायची सोय नव्हती.

हैबतीच्या वाडीवरच्या कड्यात गिधाडं पुन्हा घरटी करू लागली होती. मधल्या काळात ती दिसेनाशीच झाली होती. दुखणं थांबवायचं एक औषध लोक गुरांना टोचत. माणसाला ते चालतं, कंबर धरली की सुनीती स्वतःही घ्यायची. पण ते अंगात भिनलेलं ढोर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत आणि चार दिवसांत कडा ओस पडे. गुरांसाठी त्यावर बंदी आली, तरी ते कुठून ना कुठून मिळेच. म्हणून सुनीती स्वयंसेवक होऊन वाड्यावाड्यांत सांगत फिरायची. भित्तिपत्रक तिनेच केलं होतं, त्यावरचा फोटोही तिनेच काढलेला. इंजेक्शनची सुई आणि तिच्यावर लाल फुली. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. त्याचा तिला फार अभिमान होता.

यंदा कड्यावरचं एक पिल्लू जगलं होतं. नुकतंच उडायला लागलं होतं. या वाडीची मेलेली गुरं वरच्या माळावर टाकतात आणि कड्यावरची सगळी गिधाडं तिथेच जेवायला उतरतात. एक जनावर चुकीचं गेलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

हैबतीची बायको बनुबाई बैलाच्या मानेवरून हात फिरवत होती.

"लेकरागत वाढवलाय याला," ती म्हणाली. "त्याचं कण्हणं ऐकवत नाय मला."

"मावशी, कळतं मला. पण इंजेक्शन दिलं तर…"

"ठाव हाय गो. सुईवर फुली मारलीय ना? नाय टोचणार."

सुनीतीला स्वतःची लाज वाटली. पाखरांसाठी या माउलीला आपण हे बघायला लावतोय, हे तिच्या मनातून जाईना. तिला परत जाववेना. ती त्यांच्याकडेच राहिली.

रात्री जेवणं झाली आणि कण्हणं थांबलं. पोवळ्याने मान उचलली, बनुबाईचा हात चाटला आणि पुन्हा शांत पडून राहिला.

"सुटला बिचारा," हैबती म्हणाला. "आता त्रास नाय त्याला."

सकाळी उठून बघतात तर पोवळ्या गेला होता.

वाडीतल्या माणसांनी त्याला माळावर नेऊन ठेवलं. हैबतीने हळदकुंकू वाहिलं. मग सगळे उतरून गेले आणि ही तिघं करवंदीच्या जाळीआड बसली. चैत्राचं ऊन चढत होतं. आभाळात काहीच नव्हतं.

मग कड्यावर एक ठिपका दिसला. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता माळावर सावल्या फिरू लागल्या. एवढाले पंख, पण फडफड नाही. वाऱ्यावर नुसते तरंगत होते. आणि मग ती उतरली. पंखांचा असा आवाज झाला, की सुनीतीच्या अंगावर काटा आला. धोतराचा सोगा सावरत पंगतीला घाईने निघालेल्या पाहुण्यांसारखी ती धावत आली. भांडत, ढकलत, हक्काने जेवायला बसली.

सुनीती भराभर फोटो काढत होती. इतकी गिधाडं तिने एकत्र कधी पाहिली नव्हती. शेवटी ते पिल्लू आलं. उतरताना धडपडलं, उठलं आणि मोठ्यांच्या मधे चोच घालून खायला लागलं. तिने कॅमेरा खाली ठेवला. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसतच नव्हतं. आयुष्यभर मुलांना जग शिकवलं, पण जग एवढं मोठं असतं हे तिला आज दिसलं. शेजारी हैबतीने हात जोडले होते.

"बघा बाई," तो हलकेच म्हणाला. "पोवळ्या माझा आभाळात चाललाय."

सुनीतीने बनुबाईचा हात धरला. "मावशी, हे सगळं तुमच्यामुळे. किती सोसलंत तुम्ही. आणि त्या मुक्या जीवानेही."

बनुबाई पदराने डोळे पुसत हसली.

"त्याला कुठलं सोसू देते मी? मागं माझ्या गुडघ्यांसाठी तुमी तुमच्या कंबरेच्या गोळ्या दिल्या व्हत्या ना? जपून ठेवल्या व्हत्या. सुई नाय लावली हां बाई, तुमचा शब्द नाय मोडला. काल सांजच्याला अख्खी पट्टी भाकरीत कुस्करून घातली त्याला."