आक्रीताचा तिसरा अर्थ

'आक्रीत' या शब्दाचं कार्ड घेऊन सून सासूबाईंच्या खोलीत बसली, तेव्हा तिला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. शब्दकोशाच्या कचेरीतली तिची निम्मी कार्डं सासूबाईंच्या तोंडावरच चालायची. अघटित घटना आणि उत्पात, हे दोन अर्थ जुन्या कोशात होतेच. बोलण्यातलं एक वाक्य मिळालं की झालं.

पण एरवी मागाल त्या शब्दाला दहा वाक्यं फुकट देणाऱ्या सासूबाई आज आधी उठल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. रात्री तर गेले वीस दिवस त्या आतून कडीच लावत होत्या. म्हातारपणाचं खूळ, म्हणून सुनेने सोडून दिलं होतं.

घटनाबिटना सगळं मागाहून आलं, त्या हळूच सांगू लागल्या. त्यांच्या आईच्या तोंडी हा शब्द माणसासाठी होता. लांब गेलेलं घरचं माणूस परत येतं. चेहरा तोच, चाल तीच, बारीकसारीक सगळं आठवतं. उलट जाताना होतं त्यापेक्षा गुणी होऊन येतं. पण ते आपलं माणूस नसतं.

आठ महिने बोटीवर नोकरी करून सुनेचा नवरा वीस दिवसांपूर्वीच घरी आला होता. आल्यापासून एकदाही आवाज चढवला नव्हता, चादरींच्या घड्यासुद्धा घालत होता. नशीब काढलंस बाई, असं शेजारीण म्हणाली होती. तिलाही तसंच वाटत होतं. वाटून घेत होती म्हणा.

"वाक्य सांगा," ती कशीबशी म्हणाली.

"माझ्या लेकाच्या अंथरुणात आक्रीत निजतंय."

तिने लिहून घेतलं. घेतलेलं वाक्य सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, ही कचेरीची शिस्त. बारा वर्षांची सवय ती, मेली कुठे थांबते! तिने खणखणीत वाचलं.

स्वयंपाकघरात भांडी पुसण्याचा आवाज थांबला. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

नवरा हात पुसत आत आला. तिच्या खांद्यावरून वाकून त्याने कार्ड सावकाश वाचलं. 'कोणाविषयी म्हटलं' हा रकाना अजून मोकळा होता. त्याने तिच्या बोटांतली पेन्सिल अलगद काढून घेतली आणि तिथे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या नवऱ्याच्याच अक्षरात.

"बरोबर लिहिलंय ना, आई?" त्याने विचारलं.