काठोकाठ भरलेला मग

आमच्या खोऱ्यात घोड्याची टोल्ट चाल बिअरने मोजतात. एका हातात लगाम, दुसऱ्यात काठोकाठ भरलेला मग, आणि रिंगणाची एक फेरी. टोल्टमध्ये घोड्याची पाठ हलत नाही. बिअर सांडली की गुण गेले.

चालीचे गुण लिहायचं काम माझ्याकडे होतं. थोरगिल्सकाकांची घोडी मोसा समोरून गेली तेव्हा मी डोळे मिटून टापा ऐकल्या. टोल्टचे चार ठोके, एकसारखे. यंदाची सगळ्यांत साफ चाल. डोळे उघडले तर काकांची बाही कोपरापर्यंत भिजलेली.

"मध्येच दुडकीवर आली का ही?" फेरी संपल्यावर मी विचारलं.

"आली असेल. म्हातारी झाली आता. तू आपले पाच लिही."

"गेल्या वर्षी नऊ होते, काका. आणि मी टापा ऐकल्यात."

"ऐकतेस कसली? बाही दिसत नाही का तुला?"

ते खाली उतरले आणि उरलेला मग द्यायला माझ्याकडे चालत आले. घोडीवर अख्खी फेरी मारून अर्धा राहिलेला मग त्या चार पावलांत रिकामा झाला. काकांनी थरथरता हात खिशात घातला आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं.

"स्टेनूनला कळलं तर उद्यापासून घोडीवर बसू देणार नाही मला."

नऊ लिहिले असते, तर बिअर कुणी सांडली हे सगळ्यांनाच कळलं असतं. मी मोसाकडे न बघता पाच लिहिले.