मावशींच्या नाकाखालून

मॅनेजरने कोंबडीचं पाकीट मावशींच्या नाकासमोर धरलं, आणि कारखान्याच्या कँटीनमधल्या सगळ्या सुऱ्या एकदम थांबल्या.

“घ्या वास,” तो म्हणाला. “आणि हो म्हणा, म्हणजे शेगड्या पेटवू.”

मावशींनी वास घेतला नाही. त्या फ्रीजरच्या झाकणाकडे बघत राहिल्या. सकाळी आल्या आल्या त्यांनीच त्यावर खडूने लिहून ठेवलं होतं: वीज गेली शनिवारी पहाटे पाच, आली रविवारी रात्री नऊ. दोन्ही वेळा पहारेकऱ्याकडून खातरजमा करून घेतलेल्या. खाली बेरीज, चाळीस तास. आणि बेरजेखाली एक शेरा: फ्रीजर अर्धाच भरलेला, गारवा टिकत नाही.

मॅनेजरला त्या खडूचा मनस्वी कंटाळा होता. गेल्या हिवाळ्यात मावशी तापाने तीन आठवडे घरी पडल्या, आणि परतल्या त्या हा नाद घेऊनच. दुधाच्या पातेल्यावर वेळ, भाताच्या झाकणावर वेळ, उकडलेल्या बटाट्यांच्या परातीवरसुद्धा वेळ. वय झालं की कुणी तपकीर ओढतं, आमच्या मावशी रेघा ओढतात, असं तो हसून सांगे.

पण नाकाची गोष्ट वेगळी. नाकापुढे त्याचंही काही चालत नसे. पंचवीस वर्षांपूर्वी मावशींनी नुसत्या वासावरून भेसळीच्या तेलाचे सगळे डबे परत पाठवले होते, आणि तेव्हापासून कारखान्यात रीतच पडली होती. ताट उचलण्याआधी कामगार खिडकीशी विचारत, “मावशींच्या नाकाखालून गेलंय ना?” गेलं असेल तर डोळे मिटून जेवत. नसेल तर खुद्द मालकांनी वाढलं तरी घासाला हात लावत नसत.

आज एक वाजता दीडशे माणसं जेवायला बसणार होती. मोठं काम वेळेत पुरं झालं म्हणून मालकांनी कोंबडीचं जेवण कबूल केलं होतं, आणि ते स्वतःही सगळ्यांबरोबर बसणार होते. कोंबडीऐवजी बटाटे वाढले तर शोभा मॅनेजरची. त्याचा हिशेब सरळ होता. रात्रीत सगळं पुन्हा गोठलंय. एक पाकीट कोमट पाण्यात वितळवून त्याने स्वतः हुंगलंय, कोठीवाल्याने हुंगलंय, कांदे चिरणाऱ्या बाईनेही हुंगलंय. तीन नाकं म्हणतात, काही झालेलं नाही. कांदे चिरणारीचं नाक सकाळपासून वाहत होतं, पण हिशेबात त्याने तेही धरलं होतं. राहिलं चौथं. मावशींना नोकरीची दीडच वर्षं उरली होती; हो म्हणायला त्यांचं काय जात होतं?

“दगडासारखी घट्ट आहे, मावशी. बाकीची हात लावून बघा.”

“पडलेला माणूस उठून उभा राहिला, म्हणजे तो पडलाच नव्हता का?” मावशी म्हणाल्या.

त्यांनी फ्रीजरमधून आइस्क्रीमचा डबा काढून त्याच्या हातात दिला. तिथली फरशी मोरीकडे उतरती होती, त्यामुळे फ्रीजर जरा कललेला असे. शुक्रवारी त्या डब्यात चमच्याने उकरल्याचे खड्डे होते. आता वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होता आणि एका बाजूला कललेला होता. मग त्यांनी तळ दाखवला. कोंबडीची पाकिटं एकमेकांना चिकटून लाद्या झाल्या होत्या, आणि लाद्यांखाली लालसर बर्फ साचला होता. हे सगळं वितळलं होतं, त्यांनी शांतपणे सांगितलं. वितळल्यावर किती तास तसंच पडलं होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि असलं मांस वासाने कळवत नाही, पोटात गेल्यावर कळवतं.

मॅनेजरने डबा ठेवून दिला. सहाजण बघत होते, आणि घड्याळ पुढे चाललं होतं.

“पंचवीस वर्षं नाकाचा तोरा मिरवलात, आणि आजच वासाला किंमत नाही?” तो म्हणाला. “नाक चालत नसेल तर तसं सांगा, मावशी. दुसरं माणूस बघतो.”

टोमणाच होता तो, आणि सहज मारलेला. कोठीवाला हसलाही. मावशींचा चेहरा मात्र अंधारात एखादी पायरी चुकावी तसा झाला. मॅनेजरने ते टिपलं, आणि आपलं काम झालं असं धरून कोठीवाल्याला खूण केली. कोठीवाल्याने पाकिटं फाडून सगळ्या लाद्या मोरीजवळच्या मोठ्या टोपात टाकल्या.

मावशींनी पदराला हात पुसले. बेसिनखाली वाकून त्यांनी फिनाईलचा पाच लिटरचा नवाकोरा कॅन ओढला, बूच फिरवलं, आणि काही घाई न करता तो कोंबडीवर उपडा केला.

पांढरा लोट टोपात पसरला आणि वासाचा असा भपकारा उठला, की कांदे चिरणारी तोंडाला पदर लावून अंगणात पळाली. कोठीवाल्याने खिडकी गाठली. मॅनेजरने रुमाल नाकावर दाबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मावशी टोपावर पार ओणव्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चेहरा उघडा. दुधाचा शेवटचा थेंब निथळवावा तशा त्या कॅन निथळवत होत्या.

“इथं श्वास घेववत नाही,” रुमालाआडून मॅनेजर कसाबसा म्हणाला. “तुम्ही उभ्या तरी कशा राहताय?”

मावशींनी कॅन खाली ठेवला. कमरेचा खडू काढून टोपाच्या अंगावर वेळ लिहिली, साडेनऊ.

“मागच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “दुसरं माणूस खुशाल बघा, साहेब. पण वर्षभर तुम्ही सगळे या खडूवर जेवलात. एकाचं तरी पोट दुखलं असेल, तर पुढे या.”