पावाचे शब्द

नाकातल्या नळीतून बाबांना दुपारची पेज दिली, नळीचं टोक बंद केलं आणि मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. जर्मनीतल्या एका बेकरी कंपनीच्या जाहिरातीचे शब्द इंग्रजीत करून संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. पाठ सकाळपासूनच भरून आली होती.

“आज काय आहे गं?” बाबांनी पलंगावरून अडखळत विचारलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं जेमतेम परत आलं होतं, गिळणं नाही.

“काय असणार? पाव. दिवसभर नुसता पाव.”

“मग सांग की, कसा आहे तो.”

मला वैताग आला. जर्मनचं इंग्रजी करतानाच डोक्याचा भुगा होतो, त्यात यांच्यासाठी मराठी कुठून आणू? तरी स्क्रीनकडे बघत सांगत गेले. वरची कड खरपूस, दाबली की करकरते. आतून मऊ, जाळीदार. नुकताच भट्टीतून काढलाय, तोडला की वाफ येते.

बाबा डोळे मिटून पडले होते. झोप लागली असेल म्हणून मी गप्प झाले.

तेवढ्यात त्यांचे ओठ हलले. “कोरडाच काय देतेस? लोणी लाव.”