टाक्यांमागचं परस

तानूआक्कांना त्या पोरीचं वागणंच पटत नव्हतं. एवढी शिकलेली इंजिनीअर, पण रॉकेलच्या मोडीत काढलेल्या टाक्यांखालची काळी माती उकरायची, तिचे ढीग लावायचे, त्यांना खत घालायचं, पाणी द्यायचं, वर ताडपत्री पांघरायची. आणि पीक? एक मिरचीसुद्धा नाही! आता म्हणे रॉकेल कुंपणाखालून आक्कांच्या परसात झिरपलंय. ते विहिरीपर्यंत पोचण्याआधी परसही खणायचं. आक्कांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. एकदा नेलेली माती कोण परत आणून देतं?

पण त्या ढिगांत शिजतंय तरी काय, हे पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी पदर खोचून त्या कुंपणापलीकडे गेल्याच.

"काय गं, कुणाचे एवढे लाड?"

"जंतूंचे, आक्का. ते रॉकेल खातात."

"जंतू पाळतेस? कुठनं आणलेस?"

"इथल्याच मातीतले आहेत. नुसत्या रॉकेलावर रोडावले होते. खत, पाणी, हवा मिळाली की जोमानं खातात. मग माती जिथली तिथं परत."

आक्कांनी सगळ्यात जुन्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. मूठभर माती नाकाशी नेली. लग्न होऊन आल्यापासून नाकात बसलेला रॉकेलचा वास तिला नव्हता.

"अगं, हे तर बाळंतपण! खाऊपिऊ घालून, उबेत ठेवून, धडधाकट करून घरी धाडायचं!" त्या म्हणाल्या. "आधी तसं सांगायचंस की, भवाने! ये उद्या, खण माझं परस. पण माझ्या मातीचा ढीग वेगळा लाव. शेजारणीच्या मातीत मिसळलीस, तर जंतूंच्या आधी मीच तुला खाईन!"