चावीची बाहुली

अक्कलकुव्यात उमेदमलने कापडाच्या दुकानाच्या दारात मुंबईहून आणलेली माणसाएवढी बाहुली खुर्चीत बसवली. चावी दिली की ती मान वर करून हात जोडायची. खेड्यांतून आलेल्या बायका तिला उलट नमस्कार करत, पुरुष लाजून दुरूनच बघत.

एकदा चावी तुटली आणि बाहुली दुरुस्तीला सुरतेला गेली. रिकाम्या खुर्चीत उमेदमलच्या म्हाताऱ्या आई, भंवरीबाई, येऊन बसल्या. बाजाराला आलेल्या वत्सलाबाईने त्यांना जवळून न्याहाळलं.

"हाई नवी बाहुली पहिलीपेक्षा भारी शे. डोया बी मिचकाडस," म्हणत ती त्यांच्या पाठीवर चावी चाचपू लागली.

उमेदमल गल्ला सोडून धावला. आईचा राग त्याला ठाऊक होता. पण भंवरीबाईंनी हळूच मान वर केली आणि हात जोडले. बघता बघता गर्दी जमली. त्या दिवसापासून त्या रोज तिथेच बसू लागल्या.

बाहुली दुरुस्त होऊन आली तेव्हा उमेदमल म्हणाला, "माँसा, आता तुम्ही घरात आराम करा."


"तिलाच घरात बसव," भंवरीबाई म्हणाल्या. "सुनांना फरक कळायचा नाही."